नांदणी नाक्याची गोगलगाय

दसरा होऊन दोनच दिवस झाले होते, आणि चेलना मगदूमची स्कूटर शिरोळ रस्त्यावर चालता चालता एकदम म्हातारी झाली. मूठ पिळली तरी काटा वीसच्या पुढं जाईना. मागचा पिवळा दिवा आपोआप लुकलुकायला लागला. चेलनाला तो दिसत नव्हता, पण शेजारून चाललेल्या ट्रॅक्टरवाल्यानं तिच्याकडं बघून ज्या मायेनं मान हलवली, त्यावरून तिला कळायचं ते कळलं.

तिला गोगलगाय लागली होती.

सरकारी भाषेत त्याला 'मंदगती दंड' असं भारदस्त नाव होतं, पण ते नाव सरकार सोडून कुणी घेत नव्हतं. पैशाचा दंड लोकांनी कधी मनावरच घेतला नव्हता. ज्याच्याकडं होते तो भरून मोकळा व्हायचा आणि पुढच्या चौकात पुन्हा तेच करायचा. ज्याच्याकडं नव्हते तो पावत्या साठवायचा. शेवटी राज्यानं डोकं लढवलं आणि पैशाऐवजी वेग कापायला सुरुवात केली. सिग्नल तोडला, सात दिवस वीसच्या वेगानं जा. गाडी चालवताना फोन कानाला लावला, दहा दिवस. उलट्या बाजूनं घुसला, पंधरवडा. दारू पिऊन बसला तर लायसनच गेलं, आणि परत मिळाल्यावर पहिलं वर्षभर गोगलगाय. वर आणखी एक गंमत: पिवळा दिवा लागलेल्या गाडीला मागून हॉर्न मारला, तर मारणाऱ्याला एक दिवसाची गोगलगाय. हे शेवटचं कलम ज्यानं काढलं त्या माणसाला एकदा भेटायचं, असं चेलनाच्या मनात फार होतं. हात जोडायचे की कानाखाली काढायची, हे मात्र तिचं ठरलेलं नव्हतं.

यामागचं यंत्र काही फार अवघड नव्हतं. विजेच्या गाडीत बॅटरी आणि मोटर यांच्या मधे एक डबी असते. मोटरला किती करंट सोडायचा ते ती ठरवते, नळाच्या चावीसारखं. सिग्नलच्या खांबात रेडिओ बसवलेला. लाल असताना रेषा ओलांडून कोण गेलं ते खांबाला कळतं, खांब वरच्या कचेरीला सांगतो, कचेरी डबीला सांगते, डबी चावी आवळते. अवघड प्रश्न एकच होता: गाडी चालवत कोण होतं? आत कॅमेरा लावायला लोकांनी साफ नकार दिला. गाडीत माणूस नाकात बोट घालतो, बायकोशी भांडतो, रडतो, ते सरकारनं कशाला बघायचं. म्हणून मग स्टीअरिंगवर आणि स्कूटरच्या मुठीवर काचेची एक टिकली आली. ती टिकली डोळ्यांना न दिसणारा प्रकाश तळहातावर टाकते. शिरांतलं रक्त तो प्रकाश पिऊन टाकतं, आजूबाजूचं मांस परत पाठवतं, त्यामुळं शिरांचं जाळं काळ्या रेघांनी उठून दिसतं. असं जाळं दोन माणसांचं सारखं नसतं, जुळ्यांचंसुद्धा नाही. म्हणून गोगलगाय गाडीला लागत नसे, हाताला लागत असे. भावाची गाडी घ्या नाहीतर शेजाऱ्याची पळवा, तुमचा हात टेकला की ती वीसवर.

जयसिंगपूरच्या वेशीवर बॅटरी बदलून द्यायचं दुकान होतं. तिथं सुदर्शन बसलेला असायचा. चेलनाबरोबर दहावीपर्यंत होता, तेव्हापासून तिला छळणं हा त्याचा जोडधंदा.

"काय गं, वरात कुणाची म्हणायची ही?"

"तुझी. घोडं कुणी देईना, म्हणून मला पाठवलंय."

"सिग्नल तोडलास काय?"

"तोंड तोडीन तुझं."

"दमानं घे. दमानंच घ्यावं लागणार की आता."

चेलनानं उतरून त्याला हाणलं असतं, पण उतरून पुन्हा बसायचं म्हणजे आणखी वेळ जाणार. ती तशीच रांगत पुढं गेली. राग सुदर्शनचा नव्हताच. तिनं सिग्नल तोडला नव्हता, फोन लावला नव्हता, उलटी घुसली नव्हती. आणि पुढच्या सोमवारी तिला सोलापुरात हजर व्हायचं होतं, बस चालवायला शिकवणाऱ्या सरकारी तुकडीत. अकरावीत शाळा सोडलेल्या पोरीला दुसरं कोण दारात उभं करणार होतं? चार भिंतींत बसलं की तिच्या पायांना मुंग्या यायच्या. एकदा मुंग्या आणि राग एकाच तासाला आले, आणि तास संपायच्या आत तिची शाळा संपली. पण रस्त्यावर बसवा तिला. समोरच्या गाडीच्या कुठल्या चाकात हवा कमी आहे, ते ती पन्नास पावलांवरून सांगायची. सोलापूरच्या तिन्ही चाचण्यांत ती पहिली आली होती. अट एकच: हजर व्हायच्या दिवशी नावावर एकही दंड चालू नसावा.

आज होता बुधवार. सात दिवस म्हणजे पुढचा बुधवार.

अकराव्या गल्लीतलं त्यांचं घर म्हणजेच 'मगदूम मोटार ड्रायव्हिंग स्कूल'. पुढच्या खोलीत भिंतभर रस्त्याच्या खुणांचा तक्ता, त्याखाली शिकायला येणाऱ्यांसाठी बाकडं. भूपाल मगदूम, गावाचे मगदूम सर आणि चेलनाचे अण्णा, तीस वर्षं लोकांना गाडी शिकवत होते. त्यांची रीत अशी की पोरगं क्लच शिकायच्या आधी कायदा शिकायचं. गाडी चालवता चालवता कलमं म्हणायला लावायचे. चुकलं की गाडी बाजूला घ्यायची आणि पुन्हा पहिल्यापासून. गावातले अर्धे लोक अजून लाल दिवा दिसला की ओठ हलवत थांबतात. अण्णांच्या स्वतःच्या नावावर या तीस वर्षांत एकही दंड नव्हता, जुना नाही, नवा नाही.

"अण्णा, मी सिग्नल तोडलेला नाही."

"मशीन म्हणतंय तोडला." अण्णा जेवायला बसले होते.

"मशीनला काय कळतंय."

"मशीनला राग येत नाही, चेलू. तुला येतो. रागात माणसाला लाल दिसत नाही. बस, आधी जेव."

"मला जेवायचं नाही."

"मग बसून तरी रागाव. उभ्यानं रागावलं की पाय दुखतात."

ती बसली. फोनवर आलेला निरोप मोठ्यानं वाचला. गाडी: ड्रायव्हिंग स्कूलची पांढरी. जागा: नांदणी नाका. वेळ: काल सकाळी अकराच्या सुमारास.

"काल अकराला मी झोपले होते."

"अकराला?" अण्णा म्हणाले.

"झोपली होती," आई म्हणाली. तिचं नाव त्रिशला; बोलायची कमी, पण बोलली की ते कागदावर लिहून ठेवावं असं. "पांघरूण ओढलं तरी उठली नाही. आणि गाडी तर सकाळीच दारातून गेली होती."

चेलनानं भाकरीचा तुकडा मोडला आणि हातातच धरला. शाळेच्या गाडीवर शिकणाऱ्यांचे हात तासापुरतेच नोंदवले जात; कायमचे हात दोनच होते. एक तिचा.

"मग तुम्ही होता," ती म्हणाली.

अण्णा हसले. मनापासून हसले, ठसका लागेपर्यंत. "मी? मी सिग्नल तोडला? अगं, आणि नांदणी नाक्यावर सिग्नल आहेच कुठं?"

चेलनाच्या हातातला तुकडा परत ताटात गेला.

नांदणी नाक्यावरचा सिग्नल गणपतीच्या आधी उभा राहिला होता आणि दसऱ्याला चालू झाला होता. पिवळाधमक खांब, लांबूनही डोळ्यांत भरणारा. अण्णा रोज त्याच्याखालून जात होते.

आईनं न मागता अण्णांच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली. वाढताना तिचा हात क्षणभर ताटाच्या वरच थांबला. चेलनानं ते बघितलं, आणि तिला कळलं की आईला हे आधीपासून ठाऊक आहे.

जेवण झाल्यावर ती गाडीपाशी गेली. दार उघडलं, आणि तिचा दंड तिला स्टीअरिंगवरच सापडला. खंडेनवमीला आई घरातल्या सगळ्या हत्यारांची पूजा करायची. विळी, कात्री, नटबोल्टचे पाने, आणि गाडी. दरवर्षी बॉनेटवर आणि पुढच्या दोन दिव्यांवर हळदीकुंकू. या वर्षी गाडी नवीन, आणि त्या काचेच्या टिकलीला सगळे 'गाडीचा डोळा' म्हणायचे. डोळा म्हटल्यावर आई त्याला कशी वगळेल? भरघोस बोट टेकलेलं होतं, हळद तेलात कालवलेली, वर कुंकू. अर्धी काच झाकून गेली होती.

पुढचं कोडं तिनं स्वतःच सोडवलं. ही टिकली बनवणाऱ्यांना आपले लोक माहीत होते. हात पिठाचे असणार, ग्रीसचे असणार, लग्नसराईत मेंदीचे. दर वेळी गाडी 'ओळखत नाही' म्हणून अडून बसली तर लोक डबीच फोडतील. म्हणून त्यांनी सवलत ठेवली: हात नीट दिसला नाही तर गाडी अडवू नकोस, नोंदवलेल्या हातांपैकी सगळ्यात जवळचा वाटेल तो धर. काचेला अण्णांच्या हाताच्या अर्ध्याच शिरा दिसल्या. दोघांतलं एक निवडायचं होतं, आणि त्या अर्ध्या शिरा बिचारीला पोरीच्या वाटल्या.

चेलनानं फडकं घेतलं. काच पुसायला वाकली, आणि थांबली. हे कुंकू पुसलं की तिच्याकडं पुरावा उरत नव्हता. नाही पुसलं, कचेरीत हरकत घेतली, तर गाडी तपासतील, काच साफ करून अण्णांचा हात टेकवतील, दंड अण्णांवर जाईल. इतकंच होऊन थांबणार नव्हतं. सिग्नल दिसलाच नाही म्हटल्यावर डोळे तपासणार. लायसन जाणार. मग भिंतीवरचा तक्ता आणि बाकडं कुणासाठी?

तिनं फडकं खांद्यावर टाकलं आणि दार तसंच लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुंभोजे काकींचा तास होता. काकी पन्नाशीच्या, सुना आल्यावर गाडी शिकायची असं त्यांनी आयुष्यभर ठरवलेलं, आणि आता शिकत होत्या. त्या स्टीअरिंगवर, अण्णा डावीकडं. शिकवणीच्या गाडीला डावीकडंही एक ब्रेक असतो. शिकणारा चुकला की शिकवणाऱ्यानं तो दाबायचा. चेलना मागं बसली. बाजारात सोडा म्हणाली. खोटं होतं. तिला अण्णांचा पाय बघायचा होता.

"पादचारी पट्टा आला तर?" अण्णा विचारत होते.

"वेग कमी. माणूस असेल तर पूर्ण थांबायचं," काकी म्हणाल्या. "न थांबलं तर पाच दिवस."

"माणूस नसेल आणि कुत्रं असेल?"

"ते पुस्तकात नाही, सर."

"पुस्तकात नाही, पण कुत्रं रस्त्यावर आहे. थांबायचं."

तक्त्यासमोर बसून शिकवावं तसंच चाललं होतं सगळं, सुरेख. प्रत्येक वळण अण्णा आधीच सांगत होते. पुढं शाळा आहे, हळू. इथं गतिरोधक. इथं डावीकडून सायकली येतात. गावाचा रस्ता न् रस्ता त्यांना पाठ होता. सहाव्या गल्लीच्या तोंडाशी आल्यावर ते म्हणाले, "सरळ घ्या काकी. रस्ता मोकळा आहे."

"सर," काकी म्हणाल्या, "खड्डा खणलाय की."

पाण्याच्या पाइपासाठी आदल्या दिवशी रस्ता आडवा फोडला होता. लाल फीत बांधलेली, पलीकडं मातीचा ढीग. काकींनी करकचून ब्रेक दाबला. गाडी फितीला नाक लावून थांबली.

"शाबास," अण्णा म्हणाले. "तुमची परीक्षा घेत होतो."

काकी खूश झाल्या. चेलना झाली नाही. ती मागच्या सीटवरून पुढं वाकून बघत होती. अण्णांचा पाय ब्रेकवर गेलाच नव्हता. परीक्षा घेणारा माणूस ब्रेकवर पाय ठेवून परीक्षा घेतो. अण्णांचा पाय आरामात पसरलेला होता, मोकळ्या रस्त्यावर असावा तसा.

दुपारी तिनं अण्णांना सांगितलं, सांगलीला टायर बघायला जायचंय, चला. स्टीअरिंग तिच्या हातात, म्हणजे गाडी वीसवर. मागं लुकलुकता दिवा. उदगाव मागं पडता पडेना. उसाच्या बैलगाड्या त्यांना मागं टाकून जातील की काय असं वाटत होतं. एक बैल तर खरंच खिडकीपाशी बराच वेळ सोबतीला चालला.

"तो बोर्ड वाचा," चेलना म्हणाली.

"कुठला?"

"समोरचा. निळा. घराएवढा आहे."

"अंकली पूल."

"ते तुम्हाला पाठ आहे. बोर्डावर काय आहे ते वाचा."

अण्णा डोळे बारीक करून बघत राहिले. बोर्डावर रक्तदान शिबिराची जाहिरात चिकटवलेली होती. बोर्ड जवळ आला, डोक्यावरून गेला, मागं पडला.

"किती दिवस झाले?" तिनं विचारलं.

"धुकं आहे थोडं. सकाळी जास्त असतं."

"ऑक्टोबरात, दुपारी तीनला?"

"चेलू, गाडीकडं लक्ष दे."

"गाडीकडं काय लक्ष द्यायचंय? ही गाडी झोपेत पण चालेल." तिचा आवाज चढला. "उद्या त्या खड्ड्याजागी पोरगं असलं म्हणजे? तुमच्या शेजारी बसलेल्या काकींना वाटतंय डावीकडं सर आहेत, सर ब्रेक मारतील. सरांना दिसत नाही. कुणाला मारणार आहात अण्णा तुम्ही? काकींना, का रस्त्यावरच्याला?"

पुलावर आल्यावर अण्णांनी खिडकीची काच खाली केली. खाली कृष्णा संथ चालली होती.

"माझ्या जिनाप्पादादाचं ऑपरेशन आठवतंय तुला? तू लहान होतीस," ते म्हणाले. "मोतीबिंदूच होता. अर्ध्या तासाचं काम, म्हणाले. साखर होती त्याला, कुणाला सांगितली नाही. डोळा गेला. मरेपर्यंत एका डोळ्यानं माझ्याकडं बघायचा आणि म्हणायचा, भूपाल, दोन्ही होते तेव्हा निदान अंधुक तरी दिसत होतं."

"तुम्हाला साखर आहे?"

"नाही."

"मग?"

"मग काय. भीती आहे. साखर नाही म्हणून भीती असू नये असं कुठल्या कलमात आहे?"

चेलनाला हसू आलं, आणि हसू आल्याचा आणखी राग आला. तिला एकेक आठवायला लागलं. चौदाची असताना अण्णांनी तिला पहिल्यांदा पुढच्या सीटवर बसवलं. त्या दिवसापासून रोज. चेलू, तो बोर्ड वाच. चेलू, पुढच्या गाडीचा नंबर सांग. चेलू, दिवा कुठला आहे? तिला वाटायचं आपली परीक्षा घेतायत. ती चढाओढीनं वाचायची, लांबून लांबून वाचायची. तिची नजर धारदार झाली ती तिथंच.

"तुम्ही मला शिकवत नव्हताच," ती म्हणाली.

"शिकवत होतो. पहिलं वर्षभर खरंच शिकवत होतो. नंतर तू इतकं बरोबर सांगायला लागलीस की मला बघायची गरजच पडेना. मग कळलं की डोळे फाडून बघितलं तरी दिसत नाहीये. सोलापूरचं पत्र आलं तेव्हा गावभर पेढे वाटले मी. आणि घरी येऊन विचार करत बसलो की आता माझं कसं."

मागं गाड्यांची रांग लागली होती. एकही हॉर्न वाजत नव्हता. चेलनानं गाडी बाजूला घेतली आणि सगळ्यांना पुढं जाऊ दिलं.

"हे बघा," ती म्हणाली, "मी हरकत घेत नाही. गोगलगाय माझ्याच नावावर राहू दे. सोलापूर गेलं तर गेलं, पुढच्या वर्षी बघू. पण तुम्ही स्टीअरिंगला हात लावायचा नाही आणि त्या डाव्या सीटवर बसायचं नाही. आणि मिरजेला जाऊन डोळे दाखवायचे. हे कबूल असेल तर मी गाडी हलवते. नाहीतर इथंच बसू."

"धमकी देतीस होय बापाला?"

"हो."

अण्णा नदीकडं बघत बसले. त्यांना ती कशी दिसत असेल, कोण जाणे. मग म्हणाले, "टायर राहू दे. घरी चल."

शुक्रवारी सकाळी ते पांढरा शर्ट घालून तयार होते. लग्नाला जाताना घालायचे तो.

"कुठं?" चेलनानं विचारलं.

"वाहतूक कचेरीत."

"अण्णा, आपलं ठरलंय."

"तुझं ठरलंय. मी कबूल कुठं म्हणालो? तू विचारलंस आणि मी म्हणालो घरी चल. नीट ऐकत जा." मग आईकडं वळून, "त्रिशला, ते कुंकू पुसलं नाहीस ना?"

"नाही," आई म्हणाली. "तुम्ही जाल असं वाटलं होतं."

कचेरीत इन्स्पेक्टर म्हणून जी बाई होती, तिलाही मगदूम सरांनीच गाडी शिकवलेली. अलका पाटोळे तिचं नाव. ती खुर्चीतून उठून उभी राहिली. सगळं ऐकून घेतलं, बाहेर येऊन गाडीतलं कुंकू बघितलं, आणि चेलनाला ऐकू जाणार नाही असं समजून हळू आवाजात म्हणाली, "सर, जाऊ दे की. सात दिवस तर आहेत, पोरगी काढेल. सोलापूरला मी पत्र देते, बघू काय होतंय. तुम्ही सांगितलंत तर मला तुमचं लायसन ठेवून घ्यावं लागतंय. शाळा बंद करावी लागते."

चेलनाला सगळं ऐकू येत होतं. तिनं मनातल्या मनात म्हटलं, जा, अण्णा, सुटताय, जा.

"अलका," अण्णा म्हणाले, "चार वर्षं मी हिचे डोळे वापरले. आता हातपण हिचाच वापरू काय?"

इन्स्पेक्टरबाईनं ओला कपडा आणला. काच पुसली. अण्णांनी उजवा हात त्यावर टेकला, डॉक्टरसमोर नाडी पुढं करावी तसा. हातातल्या पडद्यावर मंगळवारी सकाळचं अर्धवट जाळं होतं, त्याच्या शेजारी आत्ताचं पूर्ण. अर्ध्यातली प्रत्येक रेघ पूर्णातल्या रेघेवर जाऊन बसली.

बाहेर उभ्या असलेल्या चेलनाच्या फोनवर निरोप आला. दंड रद्द. तिला उडी मारावीशी वाटली, आणि अण्णा खिशातून लायसन काढून देत होते ते बघितल्यावर ती उडी पायातच राहिली. तीस वर्षांत त्यांनी ते कुणाला दाखवलं होतं फक्त, दिलं नव्हतं.

"डोळ्यांचा दाखला आणलात की परत मिळेल, सर," इन्स्पेक्टरबाई म्हणाली. "आणि ते सात दिवस..."

"मला माहीत आहे. चालक पुन्हा गाडी हातात घेईल त्या दिवसापासून मोजायचे."

"हो."

"तू पाठ केलं होतंस तेव्हा हे कलम नव्हतं. नवीन आहे. बरं लिहिलंय."

सोमवारी चेलना सोलापूरला गेली. त्या आठवड्यात आईनं अण्णांना मिरजेला नेलं, बसनं. पहिल्या डोळ्याच्या ऑपरेशनच्या दिवशी चेलना तुकडीच्या मैदानावर बस मागं घेत होती, आणि तीन वेळा खांबाला टेकवली. शिकवणारे सर वैतागले. चौथ्यांदा बस सरळ गेली, कारण तोवर आईचा फोन येऊन गेला होता. आई इतकंच म्हणाली होती, "झालं. आता भूक लागलीय म्हणतायत."

संक्रांतीला ती सुट्टीवर आली तेव्हा अण्णांचे दोन्ही डोळे झाले होते, दाखला झाला होता, लायसन परत आलं होतं. गाडी मात्र त्यांनी अजून हातात घेतलेली नव्हती. चेलना यायची वाट बघत थांबले होते, असं आई म्हणाली. अण्णा म्हणाले, तसं काही नाही, गाडी धुवायची राहिली होती.

अण्णा स्टीअरिंगवर बसले. चेलना डावीकडं. आई मागं. काचेवर हात टेकला आणि पिवळा दिवा लुकलुकायला लागला. गोगलगाय वाटच बघत होती.

अकराव्या गल्लीतून गाडी निघाली. कुंभोजे काकी स्वतःच्या गाडीतून आल्या, शेजारी रांगल्या, काच खाली केली. "काय सर, तुम्हीपण?"

"होय की. लाल तोडला. सात दिवस."

"बाजूला घ्या मग थोडं, मला सुनेला स्टँडवर सोडायचंय," काकी म्हणाल्या आणि इंडिकेटर देऊन, नियमानं, पुढं गेल्या. अण्णांनी त्यांच्या इंडिकेटरकडं समाधानानं बघितलं.

वीसच्या वेगात दिसायला खूप काही होतं. अण्णा बघत होते. पाटलांच्या घराला वरचा मजला चढलाय. सुदर्शनला मिशी आलीय. आपल्या शाळेच्या पाटीवर 'मोटार'च्या वरचा रंग उडालाय, ते कुणी सांगितलं कसं नाही. चेलना सोलापुरात शिकलेलं काहीबाही सांगत होती, ते ऐकत होते की नाही कुणास ठाऊक. मधेच त्यांनी आरशात मागं बघितलं, आणि जरा जास्तच वेळ बघितलं.

"त्रिशला, तुझे केस कधी पिकले गं?"

आई खिडकीतून बाहेर बघत होती. "झाली तीन-चार वर्षं."

"सांगायचं नाहीस काय?"

"तुम्हाला दिसत नव्हतं, मी कशाला सांगू? बरं चाललं होतं माझं."

गाडी स्टेशन रोडला लागली. अण्णांनी डावा हात वर नेला आणि आरसा थोडा खाली वळवला, मागचा रस्ता दिसणार नाही आणि मागची सीट नीट दिसेल इतका. चालत्या गाडीत आरसा असा वळवणं चूक होतं. किती दिवसांची गोगलगाय लागते ते चेलनाला कलमासकट पाठ होतं.

तिनं मान वळवून मागचा रस्ता स्वतः बघितला, मोकळा होता, आणि ती गप्प बसून राहिली.